उष्टं गणित

शी! ऋजुताला स्क्रीनकडे बघवेना. तीच टाकी, तेच सूत्र, आणि ब्लीचिंग पावडरचा आकडा मात्र दर वेळी वेगळा. आंबिवलीच्या चाळीच्या टाकीला प्रोग्राम मघाशी चमचाभर सांगत होता, आता म्हणे अख्खा डबा ओता!

ऋजुता टेस्टिंग करायची त्या कोलशेतच्या कंपनीचं काम तसं साधं होतं. प्रत्येक सोसायटीचा पंपवाला आपल्या टाकीचं सूत्र मजकुरात लिहून पाठवायचा: इतके लिटर, त्याला इतक्याने गुणा, टाकी नुकतीच घासली असेल तर निम्मं करा. प्रोग्रामने ती ओळ वाचायची, तिचं फंक्शन, म्हणजे चालतं गणित, बनवायचं आणि सगळ्या टाक्यांचे हिशेब एकाच वेळी, पॅरलल लूपमध्ये चालवायचे.

पण घाईच्या नादात टीम लीड सौमित्रने घाण करून ठेवली होती. मजकूर वाचून गणित सोडवणारा पार्सर त्याने एकच बनवला आणि तोच सगळ्यांना वापरायला दिला. त्यात लिटर ठेवायला जागाही एकच. आंबिवलीने आपले लिटर ठेवले, की उत्तर निघायच्या आत ठाण्याचा एखादा टॉवर आपले लिटर तिथे कोंबणार. पंगतीत एकच चमचा सगळ्यांच्या तोंडात फिरवावा, तसला उष्टा कारभार! आणि एकेक टाकी वेगळी तपासली, की सगळं कसं सोवळ्यात.

"सौमित्र, लूपमधल्या प्रत्येक कामाला आपापला पार्सर दे. अर्ध्या दिवसाचं तर काम आहे," ती म्हणाली. "तोवर मी टेस्टिंगवर सही करणार नाही."

"अगं, कशाला एवढी तापतेस?" सौमित्र वडापाव चावता चावता म्हणाला. "आकडा विचित्र आला, तर कालचाच दाखवायचा. आत्ता तात्पुरता पॅच टाकतो. कोणाला काय कळतंय?"

"लोक पितात रे ते पाणी!"

"बरं बाई, पुढच्या आठवड्यात करू नीट. तू सही कर, उद्या लाँच आहे." मग चटणीची बोटं चाटत तो हळूच म्हणाला, "फक्त आमची नौपाड्याची टाकी तूर्त घेऊ नकोस हं. आईचं पोट नाजूक आहे."

ऋजुताने मोबाईल उचलला. ह्याच्या आईचं तेवढं पोट, आणि बाकीच्यांचं काय, गटार? जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसाने!

तिने त्याच्यासमोरच आंबिवलीच्या पंपवाल्या विश्रामकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, ऋजुता बोलतेय, कोलशेतवरून. उद्यापासून मोबाईलवर आमचा आकडा येईल ना, त्याप्रमाणे पावडर टाकू नका. चुकतोय तो."

"उद्या कुठलं, मॅडम?" काका बुचकळ्यात पडले. "सकाळीच टाकली की. सौमित्रसाहेबांचा फोन आलेला. म्हणाले, आधी तुमच्याकडे करून बघू."

सौमित्र वडापावचा कागद चुरगाळू लागला.

"किती टाकलीत?" ऋजुताने विचारलं.

"आकडा आला तेवढी. अख्खा डबा गेला. पाण्याला वास मारतोय जरा. पोरं शाळेतून आली ना, ती प्यायली, आता दोघं-तिघं उलट्या करतायत. मी म्हटलं, उन्हाचं झालं असेल."

"काका, आधी कॉक बंद करा! आणि पोरांना दवाखान्यात न्या, लगेच. मी निघालेच," ऋजुता ओरडली.

"अगं," सौमित्र तिच्या कानाशी कुजबुजला, "स्पीकर तरी बंद कर. सगळं ऑफिस ऐकतंय."