कुडकुडणारं प्रेत

"सिस्टर, परत मधे आलात ना, तर सामान गुंडाळायचं आणि घरी!" दिग्दर्शकानं बजावलं. पोरगा तिच्या धाकट्या मुलाहून लहान, पण आवाज थेट मेट्रनचा.

चौतीस वर्षं एकाच वॉर्डात काढून ती निवृत्त झाली होती. या भुताच्या चित्रपटात तिचं काम एवढंच, की कुणाला लागलं-खुपलं तर बघायचं. "जा हो आई, तेवढाच हवापालट," सून म्हणाली होती. हवापालट कसला, डोक्याचा पार भुगा झाला होता. पहिल्याच दिवशी एकाचं रक्तबंबाळ डोकं बघून ती बँडेज घेऊन धावली, तर रक्त निघालं साखरेच्या पाकाचं. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी दिवेवाल्याचं बोट खरंच कापलं, तेव्हा ही शहाणपणानं चहा पीत बसून राहिली. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, तिला काही केल्या उमगत नव्हतं.

आज प्रेताचा प्रसंग होता. चहूकडे बर्फ, लांबवर एक रिकामी लाकडी खोली आणि मधोमध नुसत्या शर्टात पडलेला नट. बर्फ कोरा हवा होता. नटाची पावलं कशीबशी बुजवली होती, आणखी उमटली की संपलं. दुसरी जागा शोधायला ना वेळ होता ना ऐपत.

"अरे, प्रेत कुडकुडतंय!" कॅमेरावाला तिसऱ्यांदा ओरडला.

"जरा कळ काढ रे राजा. दोनच मिनिटं," दिग्दर्शक म्हणाला.

थोड्या वेळानं कुडकुडणं थांबलं.

"वा! आत्ता कसं! कुणी हलू नका."

सगळे खूश झाले. सिस्टरनं मात्र मान पुढे काढून त्याच्याकडे निरखून पाहिलं. गारठलेल्या माणसाचं कापणं आपोआप थांबलं, की प्रकरण हाताबाहेर चाललं समजावं, हे तिनं शिकाऊ नर्सना कितीदा सांगितलं होतं. पण हा पडला नट, न हलणं हेच त्याचं काम. ओठ निळे दिसत होते, पण ते मेकअपवालीनंच निळे केले होते.

"अगं, इतके निळे केले होतेस?" तिनं हळूच विचारलं.

"आठवत नाही हो. केले होते थोडे. श्शू!"

परत हसं झालं तर? आणि आपण गेलोच नाही तर? तिला स्वतःचाच राग आला. माणूस बघून कळलं नाही, असं वॉर्डात कधी झालं नव्हतं.

ती उठली, घोंगडी काखेत मारली आणि कोऱ्या बर्फातून सरळ चालत सुटली.

"सिस्टर! अहो, वाट लावलीत सगळ्याची!"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. नाडी बघायला गेली, तर तिचीच बोटं बधिर, काही लागेना. मग तिनं त्याला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलं. दिग्दर्शक धापा टाकत आला, आणि तो तोंड उघडणार तोच नटाचे ओठ हलले. शब्द जड येत होते.

"आई... दार लाव गं. वारं येतंय."

सिस्टरनं गोंधळून वर पाहिलं. "हे तुमच्या गोष्टीतलं आहे का हो?"

 दिग्दर्शक अंगातला कोट काढू लागला.

"नाही," तो म्हणाला. "त्याला एकही वाक्य नाही."

"लावलं रे बाळा," सिस्टर म्हणाली, आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसली.