आईचं लोनचं

वसईजवळच्या गिरीज गावातल्या दिपिकाने २००५ साली एक प्रोग्राम लिहिला. संगणकावर मराठी लिहिताना शब्द चुकला की त्याखाली लाल रेघ ओढणारा. वाडीतले, चुलीपाशीचे शब्द आई भागूबाईने सांगितले, मेथीच्या जुड्या बांधता बांधता. दिपिकाने ऐकले तसे उतरवले. मग इंटरनेटवर तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, आणि अट घातली तीही आईच्या ओवीतली :

मुनवा गं नेला कुनी, नेऊ द्यावा बाई
नाव तेवढं सांगावं, कोन त्याची आई

केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा वाडीत कुणी कुणाला नाकारत नाही. नेणाऱ्याने तो कुणाकडचा ते सांगायचं, आणि आपल्याकडे फुटले की मागेल त्याला द्यायचे. दिपिकाचंही तेवढंच मागणं. आईचं नाव पुसू नका, आणि पुढे द्याल तेव्हा आतला कोड उघडा ठेवा.

दोन वर्षांनी वाडीतल्याच, चर्चच्या मासिकाचा मजकूर टाइप करणाऱ्या जुलियानाचा फोन आला. "अंधेरीच्या कंपनीचा नवा प्रोग्राम घेतलाय. 'लोणचं' लिहिलं तर लाल रेघ. म्हणतो, 'लोनचं' लिही. तुझी आई तिकडे कामाला लागली काय गं?"

दिपिका खूप हसली. मग तिने तो प्रोग्राम पाहिला. आईचं नाव कुठेच नव्हतं, कोडला कुलूप होतं. तिचं हसू मावळलं.

ती अंधेरीला गेली. कंपनीचे श्रीरंग सर म्हणाले, "हा आम्हीच केलाय. आणि शब्द काय कुणाच्या बापाचे असतात?"

"बापाचे नाहीत, सर. आईचे आहेत. लोणचं लिहून बघा."

त्यांनी लिहिलं. लाल रेघ उमटली, आणि बाजूला सुचवलेला शब्द : लोनचं.

"तुमच्याकडे लोनचं कोण म्हणतं?"

सरांनी तो शब्द पुन्हा वाचला. मग ओशाळं हसले. "कुणीच नाही. काय हवंय तुम्हाला?"

"तिचं नाव लावा. आणि कुलूप काढा."

महिन्याभराने दिपिकाने आईला तिचं नाव दाखवलं. भागूबाईने आधी पदराने हात पुसले, मग त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"पन माझी चूक गावभर झाली गो. पुसून टाक ती."

"तिच्यामुळेच तर तू सापडलीस, आये. आता दोन्ही ठेवलेत. लोणचं पण, लोनचं पण."

"आनि कुनी मागितलं, तर देतील ना ते?"

"द्यावंच लागेल."

"मग त्या सायबाला एक बरनी नेऊन दे," भागूबाई उठत म्हणाली. "कोनाच्या हातचं, ते सांग मात्र."