कांद्याच्या सालीचा कोट

मास्तरांनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, आणि लेक कागदावरच्या बायकांना घरातला केरकचरा घालते, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. लेक फॅशनची चित्रं काढायची. बाई शाईची, कपडा मात्र खराखुरा. पेन्सिल तासून निघालेल्या झालरीचा स्कर्ट, कोबीच्या पानाची केप. वरून फोटो काढला की चित्र तयार.

मास्तर प्रत्येक चित्राची ट्रायल घेत.

"कोबीला शिवणीत माया किती सोडलीस?"

"अजिबात नाही."

"मग बाई जाड झाली की?"

"कागदावरची बाई जाड होत नाही, बाबा."

"सगळ्या असंच म्हणतात."

बायको गेल्यापासून मास्तरांनी शिवण सोडली होती. वर्षभर मशीनवरचं झाकण निघालं नव्हतं. तोंड तेवढं चालू होतं.

नोकरीसाठी मागवलेल्या सहापैकी पाच चित्रं मासिकाच्या मॅडमनी पास केली होती. सहावं आज दुपारी बारापर्यंत पोचलं तर लेकीला कायमची नोकरी, नाहीतर ती दुसऱ्या मुलीला. सहाव्यात कोट हवा होता. लेकीने चार किलो कांदे सोलले तेव्हा कुठे एक साल अखंड निघाली. ती बाईच्या अंगावर ठेवून लेक अंघोळीला गेली. तिथेच चुकलं. मास्तरांना खांद्याला झोळ दिसला.

ती बाहेर आली तर साल उजव्या खांद्यापाशी चिरलेली, आणि मास्तर जीभ दातांत धरून, चिमट्याने चिरेची एक कड दुसरीवर चढवत होते.

"बाबा! ती एकच होती!"

"म्हणून तर जपून घेतोय. जोरात बोलू नकोस, उडेल."

लेक रागाने पुढे झाली. मग तिने कोट बघितला. इतका वेळ साल कागदावर नुसती पडली होती. आता ती कुणाच्या तरी अंगात होती. उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली.

"खांदा उतरता का घेतलात?"

"माप तसंच आहे."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. दुसरं मला पाठ कुठे आहे?"

लेकीला रडू कोसळलं. मास्तरांनी तिला लांब उभं राहून रडायला सांगितलं. साल ओली झाली असती.

पावणेबाराला फोटो गेला. लगेच मॅडमचा निरोप आला: कोट उत्तम, तेवढा खांदा सरळ करा.

"गिऱ्हाईक म्हणेल ते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला.

खांदा सरळ करायला एक फुंकर पुरली असती. लेकीने उत्तर लिहिलं, "माप तसंच आहे."

सव्वाबाराला कळलं, नोकरी दुसऱ्या मुलीला गेली.

"करायचा होतास सरळ," मास्तर म्हणाले.

"नाही."

 मास्तरांनी केराच्या टोपलीत हात घातला आणि त्यातल्या त्यात मोठी साल निवडून काढली.

"ही अस्तराला चालेल," ते म्हणाले.