शक्तीबाबांच्या दोन पुड्या

व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या भाचीने बार छातीशी घेतला, दम धरला आणि झटक्यात डोक्यावर नेला. वर्षभरापूर्वी याच वजनाखाली ती कोलमडली होती. टाळ्या थांबायच्या आत, तिला वर्षभर चूर्णाच्या पुड्या देणारे शक्तीबाबा पुढे सरसावले.

"ही ताकद दंडांतली नाही, बाळांनो! चूर्णातल्या मंत्राची आहे. मी आपला नुसता पोस्टमन!"

लोक पाया पडायला धावले. प्रत्येकाला पुडी मिळाली. माझ्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, गुडघेदुखीसाठी घेतली.

हळूहळू भाचीचा आवाज घोगरा झाला, हनुवटीवर केस आले, पाळी थांबली. मी डॉक्टर, मला त्या चूर्णाचीच शंका आली.

"ती पुडी बंद कर."

"मामा, तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो," ती हसली.

पुढच्या स्पर्धेत तिची लघवी तपासली. बंदी असलेलं उत्तेजक सापडलं. पदक काढून घेतलं. चार वर्षं खेळायला बंदी.

बाबांनी हात झटकले. "दैवी शक्ती यंत्राला काय कळणार? पोरीची श्रद्धाच कमी पडली."

ताईचे गुडघे मात्र होते तसेच होते. माझी शंका तिथेच पक्की झाली. एकाच चूर्णाने लेक एवढं वजन उचलते आणि आईला जिना चढवत नाही? दोघींच्या उरलेल्या पुड्या मी प्रयोगशाळेत दिल्या. ताईच्या पुडीत पिठीसाखर आणि मैदा निघाला. भाचीच्या पुडीत तेच, वर स्टेरॉइडच्या, म्हणजे त्याच उत्तेजकाच्या, गोळ्यांची पूड.

निकाल मी व्यायामशाळेत सगळ्यांसमोर सांगितला.

"मंत्र दोन्ही पुड्यांवर एकच ना, बाबा? मग हिच्यासाठी गोळ्या का कुटल्या?"

बाबा नुसते पाणी मागत राहिले. मी बोलावलेले पोलीस येईपर्यंत एकही भक्त जवळ उरला नव्हता.

सुनावणीत भाचीची बंदी निम्मी झाली, माफ झाली नाही. पोटात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. भाची मान खाली घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मामा, ते वजन मी उचललं, की गोळ्यांनी?"

"दोघांनी."

"त्यात माझं किती?"

 ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. ती पायऱ्यांवर बसून रडली.

म्हणून हात जोडून सांगतो, पुडी देणारा कितीही मोठा असो, आधी विचारा: "यात काय आहे?" तो रागावला तर रागावू दे. सरळ उत्तर मिळालं नाही, तर पुडी त्याच्याच हातात परत ठेवा.