दावं आपल्याकडं

लातूरच्या क्लासला सुट्टी असली की तनुजाचा बाजाराचा दिवस. बाजार कुठला? तर मोबाइलमधल्या खेळातला! एरवी त्या खेळात आपल्याकडचे खेळाडू इकडं, परमुलखातले तिकडं. पण बाजाराच्या दिवशी मधली वेस उघडायची अन् साऱ्या मुलखांचा माल समोरासमोर यायचा. तनुजानं वर्षभर चारून-पोसून एक लाल बैल तयार केला होता, नाव सरदार. अन् ब्राझीलच्या थियागोकडं होतं उडत्या मोराचं निळं अंडं. आपल्या मुलखात ते औषधालाही सापडत नव्हतं.

सौदा ठरला. अंडं पिशवीत आलं तशी बाई हरखून खाटेवर उभीच राहिली! बैल देताना मात्र तिनं सवयीनं त्याच्या गळ्यातलं दावं सोडून आपल्याकडं ठेवलं. लोह्याच्या रामकिशन बैलवाल्याची लेक ती. बैल विकला तरी दावं द्यायचं नसतं, गोठ्याची लक्ष्मी जाते, हे तिला पाळण्यातच कळलेलं. आता हे ब्राझीलला कोण सांगणार?

दावं नाही म्हटल्यावर सरदार चार पावलं गेला अन् वळून थेट तनुजापाशी! थियागोनं हाकून नेला, हा पुन्हा हजर.

"चोर! अंडं घेतलं अन् बैलही परत बोलावला!" थियागोनं भर बाजारात इंग्रजीत बोंब ठोकली.

वेस मिटेपर्यंत बैल नव्या मालकामागं गेला नाही, तर अंडं परत जाणार अन् तनुजाच्या नावापुढं कायमचं 'ठग' लागणार. मग त्या बाजारात तिला कुत्रंही विचारणार नव्हतं.

"दे की माय ते दावं!" खोलीतली मैत्रीण अर्शिया पोट धरून हसत होती.

"मेले तरी देणार न्हाई!" म्हणत तनुजानं अर्शियाचा फोन ओढला अन् गावी लावला. "अण्णा, बैल विकलाय, दावं ठेवून घेतलंय. पण बैल घेणाऱ्यामागं जाईनाच!"

रामकिशनचा आवाज एकदम बाजारातला झाला. "नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं असतंय. कुठला हाय त्यो?"

"लई लांबचा. तिकडं दावंच मिळत न्हाई."

"काय गिऱ्हाईक गाठलंस! बरं, त्याच्या हातून सरकीची ढेप चार."

तनुजानं सांगितलं तशी थियागोनं ढेप पुढं केली. सरदार तोंड लावीना, तनुजाकडंच बघत उभा.

"तू समोर हायस ना? येडे, आड हो! तू दिसत राहिलीस तर त्यो जाईल कशाला? तुला होस्टेलवर सोडलं तवा मी समोरच्या रसवंतीच्या आड उभा न्हाई राहिलो का?"

अण्णा त्या दिवशी पाठ फिरवून तडक निघून गेले, असंच तनुजा आजवर धरून बसली होती. म्हणून किती रुसली होती!

खेळातल्या चिंचेमागं ती लपली. सरदारनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ढेप खाल्ली, अन् निघाला की हो थियागोच्या मागं! थियागो भर बाजारात नाचायला लागला, अर्शिया खाटेवर, अन् तनुजा रडत रडत हसत होती.

"गेला अण्णा, गेला!"

"जाणारच. अन् दावं?"

"आपल्याकडंच हाय."

"शाब्बास माझी वाघीण!" रामकिशन खूश झाला. मग म्हणाला, "पण काय गं तनू, पोरींच्या होस्टेलात बैल आला कुठून?"

अर्शियानं तोंडात उशी कोंबली.