नीताला बघायला आले

अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजचा पोहण्याचा कोच कंपनीच्या क्लबात पोरांना शिकवायला म्हणून कतारला, दोह्यात उतरला आणि ओल्ड एअरपोर्ट भागात राहणाऱ्या, त्याच कंपनीतल्या राजाभाऊ इंजिनिअरांच्या घरी लगीनघाई उडाली. साल चौऱ्याऐंशी. क्लबात पोहणारी त्यांची नीता तेरा वर्षांची. कॉलेजला अजून चार-पाच वर्षं अवकाश, पण चांगला माल कोवळा असतानाच अडवून ठेवावा, असं कोचसाहेबांचं मत. भाजीवाला काकडीबद्दल हेच म्हणतो.

कोच घरी जेवायला आला. शैलजाने पुऱ्या तळल्या. त्या हाणून झाल्यावर त्याने नीताचे तळहात बघितले, पावलं बघितली, हात पसरायला लावून लांबी मोजली. मग नीताच्या आईला, म्हणजे शैलजालाच, भिंतीला टेकून उभं केलं. आईवरून पोरीची उंची कळते म्हणे. शैलजा जेमतेम पाच फूट. राजाभाऊ घाईघाईने म्हणाले, माझ्या बहिणी सगळ्या उंच आहेत. शैलजाला नाशिकचा तिचा बघण्याचा कार्यक्रम आठवला. सासूबाईंनी तिला नुसतं चालून दाखवायला लावलं होतं. बिचाऱ्या मागासलेल्या.

पोरगी पसंत पडली. उद्या घड्याळ लावून पोहताना बघतो आणि कॉलेजात फुकट जागा द्यायचा शब्द देतो, कोच म्हणाला. मग दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं नाही. कागद नाही, सही नाही. राजाभाऊंनी शब्द मिळायच्या आधीच पार पलीकडच्या अल हिलाल वस्तीपर्यंत पेढे वाटले.

एक गोष्ट तेवढी त्यांनी झाकून ठेवली. महिनाभर नीताचा उजवा खांदा दुखत होता. वेणीसुद्धा आई घालून देत होती. डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं होतं.

"मुलगी दाखवताना कोणी दोष सांगतं का?" राजाभाऊ म्हणाले. "शब्द मिळू दे, मग खांद्याचं बघू."

"आणि कायमचा गेला तर?" शैलजाने विचारलं.

"इन्शाल्ला, नाही जाणार."

एरवी स्वतःच्या देवाला हात न जोडणारा माणूस. आज दुसऱ्यांचा देवही कामाला लावला.

दुसऱ्या दिवशी नीता पाण्यात उतरली. जाऊन येईपर्यंत ठीक होतं. पुन्हा निघाली तेव्हा उजवा हात पाण्याबाहेर निघेना. तोंड पांढरंफटक. तिने कोचकडे नाही, बापाकडे बघितलं. बाप काठावरून यल्ला, यल्ला, चल लवकर करत होता.

शैलजा ओल्या फरशीवरून चपला फटफटवत कोचपाशी गेली आणि तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. खांदा, डॉक्टर, नवऱ्याची लपवाछपवी.

कोच चिडला नाही. सभ्य माणूस. त्याने घड्याळ बंद करून खिशात टाकलं, सांगितल्याबद्दल आभार मानले आणि राजाभाऊंना एवढंच विचारलं, हिच्या पाठीवर कोणी आहे का?

पाठीवर कोणी नव्हतं. पण राजाभाऊंनी मान वळवून शैलजाकडे असं बघितलं, जणू अजून वेळ गेलेली नाही.

शैलजा काठावर वाकली.

बाबा चिडलेत का, नीताने इंग्रजीत विचारलं.

"चिडू देत," शैलजा म्हणाली. "दवाखाना उघडा आहे अजून. डावा हात दे."