धुराच्या नळीतलं पाणी

जव्हारात लाकडाचे ठेकेदार दामोदरशेट यांच्या वखारीत मोटार आली, त्याआधी तिथं बैल होते आणि एक घोडी होती. वखारीत पाणी भरणारी सुकी त्यांना पाणी घाली. मोटार आल्यावर तिच्या रोजच्या खेपांत एक खेप वाढली, एवढंच. सकाळी पुढचं झाकण उघडायचं आणि आतली पाण्याची टाकी गडव्यानं काठोकाठ भरायची. हे तिला ड्रायव्हर शिंत्र्यांनी शिकवलं होतं. शिंत्रे नाशिककडचे, अंगात खाकी कोट, बोलायला मऊ. सुकीच्या हातचं पाणी ते पीत. वखारीतले कारकून पीत नसत.

पौषात पठारावर थंडी पडली, तसं मोटार चालू केली की मागच्या धुराच्या नळीतून पाणी ठिबकू लागलं. सुकीनं विचारलं, तेव्हा शिंत्रे म्हणाले, "थंडीचं दव गं. नळी तापली की थांबतं." आणि ते खरंच थांबायचं.

पुढं पुढं ते थांबेना. एके दुपारी शेटना सोडून मोटार परत आली. नळीला बोट लावलं तर चटका बसला, तरी थेंब पडतच होते. आधी सकाळी टाकीत अर्धा गडवा पाणी लागे, आता तीन लागत होते. सुकीचं आयुष्य पाणी वाहण्यात गेलेलं. ती मोटारीखाली वाकली. इंजिनाखालची माती कोरडी होती.

"दादा, पाणी खाली सांडत नाय," ती म्हणाली. "मी टाकीत घालते तेच मागनं येतंय."

शिंत्र्यांनी वखारीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागल्या महिन्यात विक्रमगडच्या वाटेवर टाकी कोरडी पडली. मला कळलंच नाही. इंजिन लाल झालं आणि मी घाईत त्यावर गार पाणी ओतलं. आत तडा गेलाय."

"शेटला ठाव हाय?"

"त्यांना कळलं तर मी उद्याच नाशिकच्या रस्त्याला. मुंबईच्या मिस्त्रीला पत्र टाकलंय. तो येईस्तोवर तू टाकी भरत राहा. कुणाला बोलू नकोस."

सुकी बरं म्हणाली. माणूस चांगला होता, आणि मोटार चालतही होती.

वीसेक दिवसांनी, एका सकाळी, मोखाड्याच्या बाजूच्या जंगलातून लक्ष्या हा मजूर धावत आला. तिथं शेटची झाडतोड चालू होती. झाड पडताना फिरलं आणि साखरशेतच्या पोश्याचा पाय खाली सापडला. पोश्या सुकीच्याच गावचा, चार घरं पलीकडचा.

"आम्ही त्याला झोळीत घालून निघनार होतो," लक्ष्या धापा टाकत म्हणाला. "मुकादम बोलला, आधी शेटला विचार."

"झोळीत कशाला हाल करता?" शेट म्हणाले. "मोटार जाईल. शिंत्रे, निघा. दुपारच्या आत दवाखान्यात आणा त्याला."

सुकीनं शिंत्र्यांकडं पाहिलं. ते मोटारीकडं बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "शेट, मी संगं जाते. वाटेत पाणी घालाया लागंल."

दोन हंडे भरून ती मागं बसली, लक्ष्या पुढं. जाताना उतार होता, मोटार नीट गेली. तिथं पोचले तेव्हा पाहिलं, पोश्याचा पाय गुडघ्याखाली चेचला होता, वर लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. त्याला मागच्या बाकावर आडवं केलं आणि सुकीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

परतीच्या चढावर मागून पांढरी वाफ निघायला लागली. पहिला हंडा संपला, मग दुसरा. लक्ष्यानं ओढ्यावरून दोनदा पाणी आणलं. तिसऱ्या खेपेला तो पोचण्याआधीच इंजिनात काहीतरी ठोठावलं आणि मोटार उभी राहिली. शिंत्र्यांनी पुढं जाऊन हँडल मारलं, पुन्हा पुन्हा मारलं. नळीतून भळकन पाणी आलं आणि मग काहीच नाही.

"पोचलो का?" पोश्यानं डोळे न उघडता विचारलं.

सुकीनं त्याचं डोकं हलकेच खाली ठेवलं आणि ती टेकाडापलीकडच्या पाड्याकडं पळत सुटली. तिथले पुरुष रानात गेले होते. त्यांना गोळा करून, बांबू आणि घोंगडी घेऊन येईपर्यंत ऊन कललं. मग सहाजण झोळीला आलटून पालटून खांदा देत निघाले. शिंत्र्यांनीही खांदा दिला. त्यांचा कोट रक्तानं भिजला, तरी ते कुणाला जागा देईनात.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "सकाळीच उचलून निघाला असतात तर पाय वाचवायचा प्रयत्न केला असता." रात्री पाय कापला. पोश्या वाचला.

शेटनी विचारलं, तेव्हा शिंत्रे म्हणाले, "चढ फार होता." सुकीनं हंडे नेले, ती पाड्यावर धावली म्हणून शेटनी तिला चारचौघांत चांगलं म्हटलं. तिला तिथं उभं राहवेना.

आठवड्यानं पोश्याची बायको गोदी वालाच्या शेंगांची टोपली घेऊन तिच्या दारात आली. "तू नसतीस तर मानूसच गेला असता."

"गोदे, बस," सुकी म्हणाली. "मोटार फुटकी हाय, ते मला ठाव होतं. वीस दिवस ठाव होतं. लक्ष्या आला तेव्हाही मी बोलले नाय. बोलले असते तर त्यांनी त्याला तसाच उचलला असता."

गोदीनं टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे शेटसमोर बोलशील?"

"बोलन."

दोघी चालत जव्हारला गेल्या. सुकीनं सगळं सांगितलं. बैलांनी ओढून आणलेली मोटार शिंत्रे पुसत होते, त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती खरं बोलते. तिला गप्प मीच केलं." शेटनी त्यांना त्याच दिवशी काढलं. सुकीला राहायला सांगितलं, पण ती राहिली नाही. परत येताना गोदी वाटभर तिच्यापुढं चार पावलं चालली.

त्या पावसाळ्यात गोदीच्या घरी आवणीला हात कमी पडले. सुकी न बोलावता गेली आणि चिखलात उतरली. गोदीनं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आपल्या ओळीतून थोडी सरकली आणि भाताच्या रोपांची एक मूठ तिच्या हातात दिली. बांधावर पोश्या काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. सुकी वाकेपर्यंत त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग मान फिरवली.